घराची किंमत ठरवायला येणारे साहेब आतले फोटो का काढतात?

 

आजचा विषय आहे घराचे मूल्यांकन. घरकर्ज घेताना किंवा घर तारण ठेवताना बँकेचा एक माणूस घर बघायला येतो. त्याला मूल्यांकक म्हणतात, आपल्याकडे नुसते ‘व्हॅल्युअर’ म्हणतात. तो टेप लावून मोजमाप घेतो, कागद बघतो आणि मोबाईल काढून थेट स्वयंपाकघरात शिरतो. गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारले, “घर तर रस्त्यावरूनच दिसते, मग आतले फोटो कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. अशा वेळी घरात बहुतेक वेळा आपणच असतो, म्हणून त्याचे उत्तर आपल्याला माहीत पाहिजे.

पहिले कारण सरळ आहे. कर्ज मंजूर करणारे अधिकारी शाखेत बसलेले असतात, त्यांनी आपले घर पाहिलेले नसते. ते घर बघतात ते अहवालातून आणि फोटोंतून. बाहेरून दोन घरे सारखीच दिसतात. आत गेल्यावर कळते की एकात फरशी बसवली आहे, ओटा बांधला आहे, संडास-न्हाणीघर आत आहे. आणि दुसऱ्यात अजून गिलावासुद्धा झालेला नाही. दोन्हींची किंमत एक कशी असेल?

दुसरे कारण आपल्या पावसाचे. भिंतीला ओल आली आहे का, स्लॅब गळतो का, वाशांना वाळवी लागली आहे का, खांबाला तडा आहे का, हे आतूनच समजते.

आता हा फरक पैशात किती पडतो ते बघू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के रक्कम देऊ शकते. समजा, घराची किंमत 10 लाख धरली, तर मर्यादा 9 लाख. मागच्या दोन खोल्या कुलूपबंद होत्या, त्या हिशोबात आल्या नाहीत आणि किंमत 8 लाख धरली, तर मर्यादा 7 लाख 20 हजार. एका कुलपापायी 1 लाख 80 हजारांचा फरक. बँक आपले उत्पन्नही बघते, पण ही मर्यादा ठरते ती मूल्यांकनावरून.

म्हणून तो येणार त्या दिवशी सगळ्या खोल्या उघड्या ठेवा. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणीघर, संडास, जिना, माळा, सगळे दाखवा. बाहेरून तो घराची दर्शनी बाजू, येण्याचा रस्ता, विजेचा मीटर आणि चतुःसीमा बघतो. घराचा कागद आणि प्रत्यक्ष घर एकच आहे का, हे त्याला ताडून बघायचे असते. मोबाईलचे लोकेशन चालू ठेवून फोटो काढले की जागा आणि वेळ फोटोवरच येते.

घर आवरलेले नाही म्हणून लाजू नका. भांडी घासायची राहिली म्हणून किंमत कमी होत नाही, आणि नवा टीव्ही, कपाट, फ्रीज दिसले म्हणून वाढत नाही. मोजले जाते ते घराला जोडलेले : भिंती, छप्पर, फरशी, दारे-खिडक्या, नळ, वायरिंग. घराचे वय आणि जागेचा दरही त्यात धरतात. दुरुस्ती केली असेल तर ती कधी केली ते सांगा, बिले दाखवा. तडा असेल तर त्यावर कॅलेंडर टांगून लपवू नका. त्या तड्याखाली आपलीच लेकरे झोपतात. कर्ज दुरुस्तीसाठी हवे असेल, तर तो तडाच आपली बाजू मांडतो.

आता बाईमाणसाच्या काळजीचा भाग. अनोळखी माणूस फोन घेऊन आत येणार, म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, तो दारात आला की ओळखपत्र मागा आणि बँकेच्या शाखेत फोन लावून खात्री करा. चांगला मूल्यांकक याचा राग धरत नाही.

दोन, घरात एकट्या असाल तर शेजारच्या काकूंना किंवा गटातल्या ताईंना बोलवा. कुणीच नसेल तर “उद्या या” म्हणा. वेळ बदलून मागण्यात काही गैर नाही.

तीन, फोटो घराचे असतात, माणसांचे नाही. मुली, लहान मुले, अंथरुणाला खिळलेली सासू यांना चौकटीबाहेर ठेवायला सांगा. आधार कार्ड, पासबुक, औषधाच्या चिठ्ठ्या आधीच उचलून ठेवा. देवघराचा फोटो नको असेल तर तसे सांगा. खोलीचा फोटो दुसऱ्या कोपऱ्यातूनही निघतो.

चार, कपाट उघडा, दागिने दाखवा, असे कुणी म्हणाले तर नाही म्हणा. मूल्यांकनाशी त्याचा संबंध नाही.

पाच, चहा जरूर द्या, पाकीट देऊ नका. कंपनी कायद्याखाली 2017 साली नोंदणीकृत मूल्यांककांसाठी नियम झाले. त्यांतल्या आचारसंहितेत निःपक्षपातीपणा आणि गोपनीयता पाळण्याचे बंधन आहे, आणि ज्याने निर्णयावर परिणाम होईल अशी भेट घ्यायला मनाई आहे. फी किती आणि ती कुठे भरायची, हे शाखेत विचारून घ्या आणि पावती घ्या.

बँकेबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी 14448 हा क्रमांक आहे.

फोटोचे काम कर्जापुरते नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलातही बांधकामाच्या टप्प्यांचे जागेसह फोटो चढवावे लागतात आणि हप्ता त्याला जोडलेला असतो. जोता झाला, पुढचे काम झाले, की ग्रामपंचायतीत कळवा आणि फोटो काढून घ्या.

आणि पूर. 22 जुलै 2021 आपण कुणीच विसरणार नाही. सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले; तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. अशा वेळी पंचनामा होतो. पक्क्या किंवा कच्च्या घराची अंशतः पडझड झाली असेल, तर सरकारी मदतीच्या निकषात किमान 15 टक्के नुकसान दिसावे लागते. रस्त्यावरून उभी दिसणारी भिंत आतून फुगलेली असू शकते. म्हणून पंचनाम्याला आलेल्यांना आत न्या. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली ते दाखवा. चिखल काढायच्या आधी फोटो काढा. पण घर धोक्याचे झाले असेल, तर फोटोसाठी आत पाऊल टाकू नका.

नुकसान सिद्ध करायला आधीचे घर कसे होते हेही दाखवावे लागते. विमा असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर तेच विचारतो. म्हणून या पावसाळ्याआधी एक काम करा. प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून फोटो काढा, छपराचा आणि जोत्याचा काढा. घरपट्टीची पावती, नमुना 8 चा उतारा आणि मालमत्ता पत्रक मिळाले असेल तर त्याचाही फोटो काढा. मग सगळे दुसऱ्या गावच्या बहिणीला किंवा मुंबईतल्या मुलाला पाठवून ठेवा. फोन पाण्यात गेला तरी फोटो राहतील.

ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्या घराचे फोटो गटातल्या दुसऱ्या ताईंनी काढून द्यावेत. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, कुणाचे झाले, कुणाचे राहिले, त्याची यादी करा.