राजगडाच्या पायथ्याशी डॉट कॉम

शनिवारी सकाळी साडेसहाला कात्रजचा बोगदा ओलांडला, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर दोन सर्व्हर गोधडीत गुंडाळून, सीटबेल्ट लावून बसले होते. हो, सीटबेल्ट! ‘अगं हळू चालव, आत हार्ड डिस्क आहेत,’ हे मित्राने नसरापूर फाट्यापर्यंत निदान वीस वेळा सांगितलं असेल. लग्नाचा बस्तासुद्धा कुणी इतका जपून नेत नाही.

मार्गासनीला थांबणारे बाकीचे सगळे आपल्यातलेच. पाठीवर सॅक, पायात ट्रेकिंग शूज, हातात कटिंग. चहा झाला की ही मंडळी साखर-गुंजवण्याच्या रस्त्याला लागतात, राजगडाकडे. आम्ही मात्र तिथेच लोखंड उतरवायला घेतलं. एका ट्रेकरने विचारलंच, ‘आज डीजे आहे का गावात?’

डीजे नव्हता. मार्गासनीत (तालुका वेल्हे, आता सरकारदरबारी राजगड) एक छोटी होस्टिंग कंपनी उघडत होती. कंपनी म्हणजे एक माणूस, दोन सेकंडहॅण्ड सर्व्हर आणि भाताची पोती ठेवायची एक खोली. ही गोष्ट गेल्या मे महिन्यातली.

नाव छापायचं नाही, ही त्याची पहिली अट. (‘क्लायंट वाचतात गं तुमचा पेपर!’) म्हणून त्याला नुसतं मित्रच म्हणू. हिंजवडीत सात वर्षं नोकरी, त्यातली पाच नाइट शिफ्टमध्ये. सांभाळायचे सर्व्हर अमेरिकेत. ज्या मशिन्सवर त्याचा पगार निघायचा, त्यातलं एकही त्याने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं! जोडीला ओळखीपाळखीच्यांच्या वेबसाइट्स होस्ट करायचा साइड बिझनेस. ट्रेकिंग ग्रुप, दोन होमस्टे, एक मंगल कार्यालय, एक पॅथॉलॉजी लॅब, शाळेचा माजी विद्यार्थी संघ... मोजल्या तर ३८ निघाल्या.

हा धंदा बहुतेक जण करतात तो घाऊक-किरकोळ पद्धतीने. मोठ्या कंपनीकडून जागा घाऊकात घ्यायची, तिचे तुकडे करून विकायचे. मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ साली वडिलांकडून पंचवीस हजार उसने घेऊन ‘डिरेक्टी’ अशीच सुरू केली होती. पुढे तिचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि प्रत्येक होस्टिंगवाल्याच्या उशाखाली हीच गोष्ट असते. मित्राच्या घाऊकवाल्याने दोन वर्षांत दोनदा दर वाढवले. तशात काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. एकुलता एक मुलगा. त्याने राजीनामा टाकला, पीएफ काढला आणि म्हणाला, ‘घरीच राहतो. मशिनपण घरीच आणतो.’

अण्णा, त्याचे वडील, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. ते तीन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

मीठ, कोळसा आणि चाळीस मिलिसेकंद

सर्व्हर पिझ्झाच्या खोक्यासारखा चपटा असतो. रुंदी एकोणीस इंचांच्या रॅकच्या मापाची, उंची पावणेदोन इंच. या उंचीला ‘एक यू’ म्हणतात. खरा रॅक ४२ यूचा, माणसापेक्षा उंच. आमचा रॅक नसरापूरच्या फॅब्रिकेटरने लोखंडी अँगलचा बनवला होता. ‘यात काय ठेवणार, कोंबड्या?’ त्याने विचारलं म्हणे.

खोली मात्र मस्त! दगडी भिंती, छोटी खिडकी, मे महिन्यातही आत गार. सर्व्हरला साधारण १८ ते २७ डिग्री हवा मानवते. पंखा आणि हवा खेचणारा एक्झॉस्ट लावून दिवस निघत होते. एसीचं बजेट नव्हतंच. पण पावसाळ्याची दमट हवा आणि भाताचा भुसा, दोन्ही मशिनचे शत्रू. एक्झॉस्टसमोरच्या खिडकीला जाळी आणि फिल्टर बसवण्यात आमचा अख्खा रविवार गेला.

त्याआधी अर्थिंग. या भागात पावसाच्या सुरुवातीला विजा अशा कडाडतात की विचारू नका. फायबरची केबल काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पण मीटरच्या वायरीतून येते. म्हणून अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा थरांनी भरला. काकूंनी वरून हळद-कुंकू वाहिलं. आयटी पार्कच्या कुठल्या डेटा सेंटरला हा मान मिळाला असेल?

मग इन्व्हर्टर. दोन सर्व्हर, स्विच, राउटर मिळून साडेतीनशे वॉट. दीडशे अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे कागदावर ३६०० वॉट-अवर. पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. साठ टक्के धरले तर सहा तास. बरे वाटले.

रात्री नऊला लाइट गेली. ट्यूबलाइट क्षणभर लवलवली, पंखा फिरतच राहिला... आणि दोन्ही सर्व्हर धाडकन बंद होऊन पुन्हा सुरू झाले! मित्र पांढराफटक. अर्ध्या तासाने कारण सापडलं. घरगुती इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटं बटण असतं : नॉर्मल आणि यूपीएस. नॉर्मलवर बॅटरीकडे वळायला चाळीसेक मिलिसेकंद जाऊ शकतात. पंख्याला कळतही नाही. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय मात्र जेमतेम सोळा-वीस मिलिसेकंद दम धरतो. बटण दाबलं. प्रश्न मिटला. (तुमच्या घरचं बटण कुठल्या बाजूला आहे ते आजच बघा. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी तर नक्कीच.)

सोसायटीचं गेट

आता नेट. गावात फायबर आलंय, स्पीड टेस्ट केली तर कोथरूडला लाजवेल असा. म्हटलं झालं काम! पण मोबाइलवरून साइट उघडायला गेले तर उघडेचना. तोच मोबाइल घरच्या वायफायला जोडला की उघडायची.

मित्राने राउटरचा पत्ता दाखवला. १०० पूर्णविराम ६४ ने सुरू होणारा. ‘हा आपला पत्ताच नाही,’ तो म्हणाला.

समजून घ्यायचं तर असं. इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आयपीव्ही-फोर, जगात सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. जागतिक साठ्यातला शेवटचा गठ्ठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाला आणि आशियाच्या वाट्याचं रेशनिंग त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालं. म्हणून कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात. मोठ्या सोसायटीसारखं. आतून बाहेर जाणाऱ्याला वॉचमन ओळखतो आणि परत आल्यावर आत घेतो. पण बाहेरून पार्सल आलं आणि त्यावर फ्लॅट नंबरच नसेल, तर ते गेटवरूनच परत. तुम्ही-आम्ही फक्त व्हिडिओ बघतो, त्यामुळे आपल्याला याचा पत्ताच नसतो. वेबसाइट चालवणाऱ्याच्या दारात मात्र सगळं जग बाहेरूनच येतं.

यावर राजमार्ग म्हणजे स्वतःचे पत्ते घेणं. भारतात ते ‘इरिन’कडून मिळतात. स्वतःचा नेटवर्क क्रमांक घ्यायचा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्यायच्या आणि ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत हो’ असं दोन्हींकडून जगाला सांगायचं. एक लाइन तुटली तर दुसरीने वाहतूक चालू. पण मार्गासनीत अशी दुसरी लाइन आणायची कुठून? वायरलेसचा विचार झाला. पाच गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ पासून भारतात विनापरवाना वापरता येतो. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघरच्या गावांमध्ये वायरलेस नेट नेलं आणि २०१७ मध्ये मोझिलाची स्पर्धाही जिंकली. पण त्या लहरींना समोरासमोर नजरानजर लागते. आमच्या आणि पुण्याच्या मध्ये सिंहगड-कात्रजची अख्खी रांग उभी! ट्रेकला जी भारी वाटते, तीच आता नको झाली.

शेवटी जुगाड. मुंबईत एक छोटा व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेतला, त्याला खरा पत्ता मिळाला. मार्गासनीच्या सर्व्हरने आतून त्याच्याशी एक बोगदा उघडून ठेवला. पार्सल मुंबईला येणार, बोगद्यातून घरी पोचणार. रात्री साडेअकराला मी स्टॅण्डवर जाऊन मोबाइलवरून ट्रेकिंग ग्रुपची साइट उघडली. उघडली! राजगडाचा फोटो राजगडाच्या पायथ्याच्या घरातून मुंबईला जाऊन परत पायथ्याशी आला. मी रस्त्यावरच ओरडले, तर कुत्री मागे लागली.

जेसीबी

जूनअखेरपर्यंत सगळं झकास. ३८ च्या ३८ साइट्स मार्गासनीतून. अण्णाही येता-जाता हिरवे दिवे बघून जायचे.

जुलैत एका सोमवारी सकाळी नऊला नेट गेलं. नसरापूरच्या बाजूला रस्त्याच्या कामावर जेसीबीने केबल तोडली होती. मित्र शांत होता, त्याच्याकडे फोर-जीचा डोंगल होता ना! पण मोबाइलला दांडी दिसत होती आणि डेटा शून्य. टॉवरची केबलही त्याच रस्त्याने जात होती. एकाच खड्ड्यात दोन्ही लाइन!

अशा वेळी आपण एकटेच गावठी नसतो, हे सांगायला हवं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या, तर भारताची निम्म्याच्या आसपास बँडविड्थ गेली होती. फरक इतकाच की त्यांच्याकडे उरलेली निम्मी होती.

पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट साइटवरूनच डाउनलोड व्हायचे. लॅबवाल्या मॅडमचे चौदा मिस्ड कॉल, आणि ते मित्राला कळले संध्याकाळी, रेंज आल्यावर. एका पेशंटचं ऑपरेशन रिपोर्टपायी दुसऱ्या दिवसावर गेलं होतं. रात्री आठला लाइन आली. अकरा तास! होस्टिंगवाले ‘९९.९ टक्के अपटाइम’ लिहितात, त्याचा अर्थ वर्षाला पावणेनऊ तास बंद. मित्राने अख्ख्या वर्षाचा कोटा एका सोमवारी संपवला होता.

मॅडमने महिन्याअखेर साइट हलवली. भांडल्या नाहीत. ‘तुझं काम चांगलं आहे रे, पण माझ्याकडे पेशंट येतात,’ एवढंच म्हणाल्या. त्याने वर्षाचे पैसे परत केले. त्या आठवड्यात तो नोकरीच्या साइटवर सीव्ही अपलोड करताना मला सापडला.

जेवताना अण्णा एकदम म्हणाले, ‘डेपोत एक गाडी स्पेअर असते. बिघाड झाला तर ती काढायची, पण प्रवासी स्टॅण्डवर ठेवायचा नाही. तुझी स्पेअर गाडी कुठाय?’

‘अण्णा, ती याच खोलीत आहे.’

‘मग ती स्पेअर कसली?’

मी हे आधी का विचारलं नाही? खरं सांगायचं तर गावातून चालणारी कंपनी ही स्टोरी मला भारी वाटत होती. तिला गालबोट लावावंसं वाटलं नाही. माझ्या मास कॉमच्या सरांनी कान धरला असता.

नाशिकचं उदाहरण मीच त्याला दिलं होतं. पीयूष सोमाणींची ‘ईएसडीएस’ २००५ मध्ये तिथे सुरू झाली, परदेशी होस्टिंगवाल्यांना टेक्निकल सपोर्ट देण्यापासून. पुढे सातपूर एमआयडीसीत स्वतःचं डेटा सेंटर उभं राहिलं. ‘नाशिकला जमतं, तर मार्गासनीला का नाही?’ ऐकायला छान आहे. पण सातपूर ही औद्योगिक वसाहत आहे, नाशिक हे मोठं शहर आहे. तिथे केबल एकाच रस्त्याने येत नाही. आणि तीच ईएसडीएस पुढे नवी मुंबईतही गेलीच की.

ऑगस्टमध्ये त्यातला एक सर्व्हर पुन्हा गोधडीत बसला. या वेळी नवी मुंबईला. तिथल्या डेटा सेंटरमध्ये एक यू जागा घेतली. महिन्याचं भाडं म्हणजे पुण्यात कॉट बेसिसवर राहण्याइतकं. ‘मी गावी आलो आणि माझा सर्व्हर पीजीवर राहतोय,’ मित्र म्हणाला. आता साइट्स तिथून चालतात. मार्गासनीचा सर्व्हर रोज रात्री दोनला बदललेल्या फायलींची प्रत ओढून घेतो. नवी मुंबई कोलमडली तर पत्त्याची पाटी फिरवायची, की जग मार्गासनीकडे वळतं. पाटी पाच मिनिटांत फिरावी अशी सोय करून ठेवली आहे. शिवाय ‘सर्ट-इन’चे एप्रिल २०२२ चे नियम छोट्यांनाही लागू आहेतच : लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे, सायबर हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचं. लॉगची प्रतही त्याच भाताच्या खोलीत जाते.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा त्याने मुद्दाम नवी मुंबईचा सर्व्हर बंद करून दाखवला. होमस्टेचं पान गेलं. मी घड्याळ लावून बसले. काकू गुडघ्याला शेक घेत विचारत होत्या, ‘आलं का गं?’ सात मिनिटांनी आलं.

साइट्स सध्या ४१ आहेत. मॅडम परत आलेल्या नाहीत. अण्णांनी मात्र एक फुलस्केप वही घातलीय, रॅकच्या शेजारी दोरीने बांधलेली. प्रत्येक बिघाडाची नोंद जुन्या कंडक्टरी सवयीने, चोवीस तासांच्या घड्याळात. त्या दिवशीची ओळ मी वाचली : ‘१४.२० ते १४.२७. कारण : मुद्दाम.’ खाली सही.