फोर्टमध्ये ऑफिसची सहल रविवारी काढली, तर जेवायचे कुठे?

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुंबईदर्शनाचा बेत ठरतो. सगळ्यांना सुट्टी म्हणून रविवार निवडला जातो. सीएसएमटी, राजाबाई टॉवर, हुतात्मा चौक, एशियाटिकच्या पायऱ्या असे फोटो काढत मंडळी निघतात. दीडच्या सुमारास पोटात कावळे ओरडू लागतात आणि तेव्हा लक्षात येते, की ज्यांची नावे ऐकून आलो त्या जुन्या हॉटेलांपैकी बरीच बंद आहेत. असे का होते?

आधी तट पडला, मग कचेऱ्या आल्या

फोर्ट म्हणजे जुन्या मराठीतला ‘कोट’. त्याचे तट १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात पाडण्यात आले. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाचा आधार होता आणि शहरात पैसा खेळत होता. मोकळ्या झालेल्या जागेवर एकेक इमारत उभी राहिली. १८७८ मध्ये उच्च न्यायालयाची इमारत झाली, त्याच वर्षी राजाबाई टॉवर पूर्ण झाला. या टॉवरसाठी पैसे देणारे प्रेमचंद रायचंद हे कापसाचेच व्यापारी. टॉवरला नाव त्यांच्या आईचे. पुढे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आजचे सीएसएमटी बांधले आणि समोरचे महापालिका मुख्यालयही त्यांचेच.

गंमत अशी, की पर्यटक ज्यांच्यासमोर सेल्फी काढतात, त्यातल्या अनेक इमारती आजही चालू कचेऱ्या आहेत. युनेस्कोच्या यादीत २००४ मध्ये गेलेले सीएसएमटी हे मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. उच्च न्यायालय आणि विद्यापीठ ज्या समूहात येतात, त्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये हा दर्जा मिळाला.

कारकुनांना जेवू कोण घालत होते?

घरून डबा येणाऱ्यांची सोय डबेवाले करत. बाकीच्यांसाठी इराणी, उडुपी आणि मंगळुरी मंडळींनी हॉटेले काढली. फोर्टातल्या पाट्यांवरचे ‘लंच होम’ हे शब्दच सांगतात, की गिऱ्हाईक दुपारच्या सुट्टीतले आहे. धोबीतलावचे कयानी १९०४ पासूनचे. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे. बेरी पुलावासाठी प्रसिद्ध असलेले ब्रिटानिया वर्षानुवर्षे दुपारच्या जेवणाचेच हॉटेल म्हणून ओळखले गेले. म्हणजे सहकाऱ्यांबरोबर बाहेर जेवणे ही फोर्टात आजची फॅशन नाही, त्याच्यावरच ही हॉटेले जगली. कचेरी बंद त्या दिवशी गल्ला रिकामा, म्हणून रविवारी कुलूप. हिशेब सरळ आहे.

आता अडचण काय?

कचेऱ्याच हलत आहेत. दक्षिण मुंबईतली कार्यालयांची गर्दी कमी व्हावी म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी झाली. १९७७ पासून एमएमआरडीए तिथली नियोजन यंत्रणा आहे. उच्च न्यायालयासाठीही वांद्रे पूर्वेला नवे संकुल उभारायचे ठरले आहे. वकील, त्यांचे कारकून, अशील, टंकलेखक ही रोजची पंगत उठली, तर आसपासच्या हॉटेलांचे काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. वारसा यादी इमारतीचा दगड जपते, तिच्या सावलीतला ब्रुन मस्का जपत नाही. अरुण कोलटकर जिथे बसत ते काळा घोड्याचे वेसाइड इन बंद होऊन वर्षे लोटली, इमारती मात्र जागच्या जागी आहेत.

उलट दिशेचीही एक गोष्ट घडली आहे. मेट्रो ३ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावू लागली. बीकेसीत बसून थेट हुतात्मा चौक किंवा सीएसएमटीला उतरता येते. बीकेसीत काचेच्या इमारतीत काम करणाऱ्या टीमला आता फोर्टात जेवायला यायला गाडी काढावी लागत नाही.

मग बेत कधी ठरवावा?

शनिवार सगळ्यात सोयीचा. महापालिका मुख्यालयातला हेरिटेज वॉक २०२१ मध्ये सुरू झाला तोच शनिवार-रविवारसाठी; त्याची नोंदणी आधी करावी. जेवणाची वेळ साडेबाराची धरावी, एक वाजला की रांग वाढते. दहा-बारा जणांना एकच टेबल मिळण्याचा हट्ट नको; इराण्याकडे अनोळखी माणसाशेजारी बसण्याची पद्धत जुनी आहे आणि त्यातच मजा आहे. घारापुरी जोडायची असेल, तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

शेवटी बिल. ‘टीटीएमएम’ करण्याआधी ते नीट वाचावे. मोठ्या ग्रुपच्या बिलात सेवा शुल्क आपोआप लावलेले दिसू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते सक्तीचे नाही आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही या सूचना कायम ठेवल्या. ते काढून टाकायला सांगता येते. वाढणाऱ्या माणसाच्या हातात टीप ठेवायची की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.