झुआरी नदीवरील पूल : जुन्या पुलाकडून केबल-स्टेड पुलाकडे

प्रस्तावना :
दळणवळणाच्या साधनांमध्ये नदीवरील पुलाचे स्थान अनन्यसाधारण आहे. परंतु त्याचे महत्त्व बहुधा तो बंद पडल्यावरच जाणवते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड (जि. रायगड) येथे सावित्री नदीच्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला आणि राज्य परिवहन महामंडळाच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या जागी नवा पूल ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. बांधकामास वर्षही लागले नाही. मात्र त्यापूर्वी जुना पूल जावा लागला. याच महामार्गावर गोव्यात झुआरी नदीवर जुना पूल उभा असतानाच त्याला पर्याय देण्यात आला. हा बदल का करावा लागला आणि त्यासाठी केबल-स्टेड रचनाच का निवडली गेली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जुन्या पुलाची झीज :
कुठ्ठाळी व आगशी यांना जोडणारा झुआरीवरील जुना पूल १९८३ मध्ये खुला झाला. उत्तर व दक्षिण गोव्याला सांधणाऱ्या या पुलावरील भार वाहनांच्या संख्येबरोबर वाढत गेला. पुढे अवजड वाहनांवर निर्बंध आले व ती बोरीमार्गे वळवावी लागली. पुलाचे आयुष्य केवळ वर्षांत मोजता येत नाही, याचा अनुभव गोव्याने आधीच घेतला होता. पणजीजवळ मांडवीवरील पहिला पूल दोन दशकेही पूर्ण होण्यापूर्वी ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत लोकांना फेरीबोटींवर विसंबावे लागले.
या दोन्ही नद्यांच्या मुखाकडील भागात भरतीचे खारे पाणी येते. क्षार काँक्रीटमध्ये झिरपून आतील पोलादापर्यंत पोहोचतात. पोलाद गंजले की फुगते, त्याच्या दाबाने काँक्रीटला तडे जातात आणि त्या तड्यांतून क्षारांना अधिक वाट मिळते. पूर्वताणित काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी तारा आत दडलेल्या असल्याने ही झीज बाहेरून सहज दिसत नाही.

केबल-स्टेड रचनेचे स्वरूप :
झुलत्या पुलात मुख्य दोर मनोऱ्यांवरून जाऊन दोन्ही काठांवर जखडलेले असतात व रस्ता त्यांना टांगलेला असतो. केबल-स्टेड पुलात मात्र मनोऱ्यापासून निघणाऱ्या तिरप्या केबल्स थेट रस्त्याच्या तुळईला धरतात. केबलमध्ये ताण असतो. त्याचा उभा घटक रस्त्याचा भार पेलतो, तर आडवा घटक तुळईला दाबतो. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंचे भार परस्परांना तोलतात आणि एकत्रित भार मनोऱ्यातून पायात उतरतो. बांधकामही त्याच तत्त्वाने होते. मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना एकेक तुकडा जोडून केबलने ताणला जातो. त्यामुळे पात्रात परांची उभारावी लागत नाही.
झुआरीत ही रचना उपयुक्त ठरण्याचे कारण नदीतच आहे. पात्र रुंद आहे, तळाशी गाळ आहे आणि बार्जची वाहतूक चालते. खांब जितके कमी, तितके पायाचे काम कमी व जलमार्ग मोकळा. नव्या पुलाचा मुख्य गाळा ३६० मीटर लांबीचा आहे. आठ मार्गिकांचा हा पूल दोन समांतर भागांत बांधण्यात आला. पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये व दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये खुला झाला. जुन्या पुलाशेजारी बांधकाम झाल्याने या काळात नदी ओलांडण्याचा मार्ग तुटला नाही.

मर्यादा :
नवी रचना झिजेपासून मुक्त नसते. इटलीतील जेनोवा शहरातील, रिकार्डो मोरांडी यांनी आराखडा केलेला पूल १९६७ मध्ये खुला झाला. तोही तिरप्या ताणांवर तोललेला होता. मात्र त्यातील पोलाद काँक्रीटच्या आवरणात बंद असल्याने त्याची स्थिती तपासणे अवघड होते. १४ ऑगस्ट २०१८ रोजी तो कोसळून ४३ जणांचा मृत्यू झाला. आधुनिक पुलांत केबल्स अनेक असतात, एकेक केबल तपासता व बदलता येते. परंतु ही सोय तपासणी नियमित झाली तरच उपयोगी पडते.
शिवाय ही रचना सर्वत्र योग्य नसते. मेहकरजवळील पैनगंगेसारख्या, उन्हाळ्यात पाणी ओसरणाऱ्या नदीत पात्रात उतरून पाया घालता येतो. तेथे लहान गाळ्यांचा साधा पूल पुरेसा व स्वस्त ठरतो. मात्र पुराच्या प्रवाहाने खांबांच्या तळाची माती खरवडली जात नाही ना, हे दर पावसाळ्यानंतर पाहणे तेथे अगत्याचे असते.

निष्कर्ष :
१. पुलाची रचना नदीने ठरवावी, दिखाऊपणाने नव्हे.
२. जुना पूल वापरात असतानाच पर्याय उभारल्यास जीवितहानी व वाहतुकीचा खोळंबा दोन्ही टाळता येतात.
३. ज्या भागाची तपासणी करता येत नाही, तो भाग पुलाचा सर्वांत दुर्बल भाग मानावा.
सावित्री व झुआरी या दोन्ही नद्यांवर आज नवे पूल उभे आहेत. सावित्रीवरील निर्णय पुराने घेतला, झुआरीवरील माणसांनी. जुन्या पुलांच्या प्रश्नात हाच फरक निर्णायक आहे.