काळा पाषाण खरंच बिट खातो का?

जळगाव जिल्ह्यात बोदवडकडे शेतात बोअरची गाडी उभी राहिली की भोवतीच्या घोळक्यातून एक तरी जाणकार बोलतोच, "काळा पाषाण लागला, आता बिट खाणार." म्हणजे खडक फोडणारं पोलादी टोक झिजवणार. मुंबईची ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ खोदली गेली तीही याच काळ्या पाषाणातून, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टमधून. तिथल्या बोगदा खोदणाऱ्या १७ यंत्रांना कृष्णा, गोदावरी, वैतरणा अशी नद्यांची नावं होती. त्यांच्याबद्दलही हेच बोललं जाई.

हा समज अर्धाच खरा. बेसाल्ट फोडायला जड, पण झिजवण्यात ग्रॅनाइट त्याच्या पुढे. पोलाद झिजवणारं मुख्य खनिज म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. ते ग्रॅनाइटमध्ये मुबलक असतं, बेसाल्टच्या मूळ घडणीत जवळपास नसतंच. मात्र लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत नंतर खनिजं भरली. जळगाव जिल्ह्यातले जे झिओलाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक जपतात, ते याच पोकळ्यांतले. झिओलाइट तसा मऊ. पण शेजारच्याच पोकळीत गारगोटी निघाली, तर बिटाची खरी परीक्षा.

'खडक कापायला धार हवी' हाही गैरसमजच. कठीण खडक फोडायला बोगद्याच्या यंत्राच्या तोंडावर पाती नसतात, गोल फिरणाऱ्या पोलादी चकत्या असतात, साधारण १७ किंवा १९ इंची. त्या दाबाने खडकात चरे पाडतात आणि दोन चऱ्यांमधला खडक कपच्या होऊन उडतो. पोलाद फारच टणक केलं तर ते ठिसूळ होतं, चकतीची कडाच उडते. बोअरच्या बिटालाही धार नसते. त्यावर टंगस्टन कार्बाइडची गोल बटणं असतात, ती ठोके देतात.

मऊ थर लागला म्हणजे सुटलो, असंही नाही. बेसाल्टच्या दोन थरांमधली लाल माती चिकट असते. चकती त्यात रुतून फिरायची थांबली की एकाच बाजूने घासून सपाट होते आणि तिचा भार शेजारणींवर पडतो. म्हणून तोंडावर पाणी, फेस सोडतात. मधूनमधून यंत्र थांबवून माणसं पुढे जाऊन झीज मोजतात.

हे थांबणं म्हणजे वेळ वाया, हा समज सगळ्यात महागात पडतो. बोअरच्या बिटाच्या बटणावर झिजून पडलेली सपाट टिकली त्याच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली की घासून बटण पुन्हा गोल करायचं असतं. कडेची बटणं आधी जातात, कारण एका फेऱ्यात सर्वांत लांब तीच फिरतात. ती झिजली की भोक खाली निमुळतं होत जातं. बोगद्यात कडेच्या चकत्या झिजल्या, तर खडक यंत्राच्या अंगालाच घट्ट बसतो. बोअरमध्ये निमुळत्या भोकात नवं साडेसहा इंची बिट सोडलं तर तेही अडकतं. त्यामुळे जाणता ड्रिलर सुरुवातीला नवं बिट लावतो आणि खोल गेल्यावर थोडं झिजलेलं. उलट कधीच नाही.