घरबसल्या गळ टाकायचा, तर खेळ कोणता घ्यावा?

मासेमारीचा ऑनलाइन खेळ शोधायला बसलं की आधी बाजूला काढावा तो पोहणाऱ्या माशांवर तोफा डागायचा प्रकार. नावात फिशिंग असतं, पण अशा बऱ्याच खेळांत पैसे लावून गोळ्या झाडायच्या असतात. म्हणजे मामला जुगाराचा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे. तेव्हा त्या वाटेला जाऊच नये.

उरतात ते गळाचे खेळ. कोकणात ज्याला गरवणं म्हणतात, त्यात बराचसा वेळ काहीच घडत नाही. गळ पाण्यात, नजर दोरावर, आणि मासा त्याच्या मर्जीने येणार. म्हणून खेळ निवडताना पाणी किती हुबेहूब दिसतं ते सोडा. या वाट बघण्याचं खेळाने काय केलंय ते पाहा. कुणी ती तशीच ठेवतं, कुणी छाटून टाकतं, आणि कुणी ती टाळून देण्याचे पैसे घेतं.

कॉम्प्युटर असेल तर ‘फिशिंग प्लॅनेट’ हा पाहण्यासारखा. युक्रेनमधल्या कंपनीचा हा खेळ २०१५ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला आणि तो फुकट आहे. सुरुवात होते टेक्सासमधल्या लोन स्टार लेकवर. हातात फ्लोटची, म्हणजे दोरावर तरंगणारी खूण असलेली, साधी काठी. गळाला आमिष लावायचं, फ्लोटखाली गळ किती खोल लोंबावा ते ठरवायचं आणि फेकायचं. तळाशी चरणाऱ्या माशासाठी गळ वरच्या वर ठेवला तर दिवसभर बसा, फ्लोट ढिम्म हलणार नाही. नवखे इथेच वैतागतात आणि आमिष बदलत बसतात. बदलायला हवी असते खोली.

फ्लोट थरथरतो, तेव्हा मासा नुसता चाखत असतो. तो खाली ओढला गेला की काठीला झटका द्यायचा. पहिला बहुधा ब्लूगिल मिळतो, तळहाताएवढा. तो आरामात येतो. मोठा लार्जमाउथ बास लागला की मात्र रिळाच्या ब्रेकशी, म्हणजे ड्रॅगशी गाठ पडते. समजा दोर तीन किलो ताण सोसणारा आहे आणि ड्रॅग त्याहून जास्त आवळलाय. माशाने चार किलोचा हिसका दिला की दोर तुटला, गळ आणि आमिष दोन्ही गेलं. ड्रॅग सैल असेल तर रीळ कर्रकर्र करत दोर सोडतं, मासा पळतो, दमतो, मग तुम्ही गुंडाळता. पण फारच सैल ठेवला तर मासा दोर नेतच राहतो. प्रत्यक्षात गळ टाकणारे लोक दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश जोरावर ड्रॅग लावतात; खेळातही सुरुवातीला तोच अंदाज धरावा. ताण दाखवणारी पट्टी लाल व्हायला लागली की गुंडाळणं थांबवायचं. हे जमलं की निम्मा खेळ जमला.

पकडलेले मासे खेळातल्या पैशांत विकायचे आणि त्यातून परवाना, प्रवास, नवं सामान घ्यायचं. हे पैसे सावकाश जमतात, आणि दुकान तिथेच उघडं असतं. तिथलं दुसरं चलन, बेटकॉइन, खऱ्या पैशांनी विकत मिळतं. फुकट खेळाची कमाई अशीच होते. त्यात फसवणूक काही नाही, पण हिशेब आपल्याला माहीत असावा.

‘रशियन फिशिंग ४’ही फुकट, आणि आणखी चिवट. त्यात फावड्याने गांडुळं खणायची सोय आहे, पात्राला भूकही लागते. ज्यांना हे वाचून हसू आलं त्यांनी तो घेऊ नये. ज्यांचे डोळे चमकले त्यांच्यासाठीच तो आहे.

मित्रांबरोबर गप्पा मारत भटकायचं असेल तर ‘कॉल ऑफ द वाइल्ड: द अँग्लर’. स्वीडनच्या कंपनीने २०२२ मध्ये आणलेला हा खेळ विकत घ्यावा लागतो, पण एकाच वेळी बारा जणांना होडीतून हिंडता येतं. स्टीमवर घेतल्यास एक सोय लक्षात ठेवा: खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास दुकानं बघण्यात घालवू नका, गळ टाका.

फोनवर ‘फिशिंग क्लॅश’ चालतो. तो पोलंडचा. इथे वाट बघणं जवळजवळ उरलेलंच नाही. गळ टाकला की मासा लागतो, आमिषं पत्त्यांसारखी जमवून वाढवायची. बसच्या रांगेत ठीक आहे. फोन मुलांच्या हाती देणार असाल तर खरेदीवर पासवर्ड आधी लावा.

घरचं इंटरनेट सारखं जात असेल तर थोडं जपून. फिशिंग प्लॅनेट एकट्याने खेळायलाही जोडणी लागते. ऐन ओढाताणीत राउटर बसला तर दोष माशाचा नाही.

माझं मत विचाराल तर फिशिंग प्लॅनेटपासून सुरुवात करावी आणि पहिला महिना खिशाला हात लावू नये. तेवढ्यात कंटाळा आला, तर बेटकॉइन घेऊन तो जाणार नाही. खेळ सरळ काढून टाकावा.