बेसिक 27 हजार की 18 हजार? आधी डीए बघा

बेळगाव : कर्नाटक सरकारी नोकराचा किमान मूळ पगार 27,000 रुपये, तर इथल्याच पोस्टातल्या कायम कर्मचाऱ्याचा 18,000. फरक 9 हजारांचा दिसतो, पण हातात तेवढा पडत नाही. कर्नाटकाने 1 ऑगस्ट 2024 पासून सातवा वेतन आयोग लागू करताना जुन्या 17,000 मध्ये 31 टक्के महागाई भत्ता आणि 27.5 टक्के वाढ विलीन केली. केंद्राचा भत्ता मात्र वेगळाच राहिला. 2024 अखेरच्या दराने 27,000 वर 10.75 टक्के धरले तर सुमारे 29,900 रुपये होतात. 18,000 वर 53 टक्के धरले तर 27,540. खरा फरक 2,400 च्या आतच.

घरभाडे भत्ता आणि कपाती वेगळ्या. म्हणून स्थळ बघताना किंवा कर्जाला जामीन राहताना नुसतं ‘बेसिक किती?’ विचारून थांबू नका. सॅलरी स्लिप बघा.