प्रारंभिक ॲप-निर्मितीतील दोषनिदान आणि स्मार्टफोनच्या उपसाधनांची पारख

प्रस्तावना

पदवी स्तरावरील प्रकल्पकार्यात स्मार्टफोनवरील ॲप हा विषय आता केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी व्याजगणनेचे ॲप करतो, भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ब्लूटूथद्वारे दिवा लावून दाखवितो, भाषेचा विद्यार्थी उच्चार ध्वनिमुद्रित करणारे ॲप करू पाहतो. यासाठी लागणारी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. गूगलने २०१० मध्ये आणलेले 'ॲप इन्व्हेंटर' पुढे एमआयटी या संस्थेकडे गेले व तेथेच वाढले. २०१४ च्या अखेरीस 'अँड्रॉइड स्टुडिओ'ची पहिली स्थिर आवृत्ती आली. असे असूनही अनेक प्रकल्प अर्ध्यावर सुटतात आणि सत्राच्या अखेरीस बाजारात मिळणारा तयार प्रकल्प सादर होतो.

याचे कारण प्रोग्रामिंगच्या कच्चेपणात शोधण्याची आपली सवय आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते कारण बऱ्याच वेळा अन्यत्र असते. "सर, ॲप चालत नाही" असे विद्यार्थी सांगतो, तेव्हा त्या एका वाक्यात अनेक निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. संगणकाला फोन दिसत नसेल. फोन दिसतो पण ॲप त्यात उतरत नसेल. उतरते पण उघडताच बंद पडत असेल. उघडते पण एक बटण निरुपयोगी असेल. किंवा स्वतःच्या फोनवर चालते आणि मैत्रिणीच्या फोनवर चालत नसेल. या प्रत्येक दोषाचे स्थान वेगळे आहे. स्थान निश्चित न करता विद्यार्थी आपला प्रोग्राम पुन्हा पुन्हा लिहीत राहतो आणि दोष केबलमध्ये असतो. दोषाचे स्थान कसे शोधावे आणि त्या शोधात केबल, इअरफोन, ओटीजी यांसारख्या उपसाधनांची पारख का अनिवार्य ठरते, याचे विवेचन येथे केले आहे.

संगणक ते फोन : पहिला अडथळा

अँड्रॉइड स्टुडिओसोबत संगणकावरच चालणारा कृत्रिम फोन, म्हणजे इम्युलेटर, मिळतो. तो नीट चालण्यासाठी भरपूर मेमरी लागते. केवळ स्टुडिओसाठी ८ जीबी आणि इम्युलेटरसह १६ जीबी रॅम असावी, अशी गूगलची अपेक्षा आहे. आपल्या प्रयोगशाळांतील बहुसंख्य संगणकांना हे झेपणारे नाही. त्यामुळे विद्यार्थ्याचा स्वतःचा फोन हेच चाचणीचे एकमेव यंत्र ठरते, आणि फोन व संगणक यांना जोडणारी केबल हा प्रयोगसाहित्याचा भाग बनतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ब्युरेट गळते का हे आधी पाहतात. केबलच्या बाबतीत तशी सवय आपण लावलेली नाही.

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात : दोन विद्युतपुरवठ्याच्या व दोन माहितीच्या. स्वस्त केबलमध्ये अनेकदा माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने फोन चार्ज होतो, म्हणून ती चांगली आहे अशी विद्यार्थ्याची खात्री होते. गमतीचा भाग असा की दुकानात हिलाही 'डेटा केबल' म्हणूनच मागितले व दिले जाते.

येथे एक छोटी आज्ञा फार उपयोगी पडते. अँड्रॉइडच्या विकास-साधनांत 'एडीबी' नावाची सोय असून 'एडीबी डिव्हायसेस' अशी आज्ञा दिल्यास जोडलेल्या फोनांची यादी येते. यादी रिकामी आली तर केबल, संगणकाचे पोर्ट, विंडोजमधील ड्रायव्हर किंवा फोनमधील 'यूएसबी डीबगिंग' ही परवानगी, यांपैकी कोठेतरी खोट आहे. फोनाच्या क्रमांकापुढे 'अनऑथराइज्ड' असे आले तर केबल निर्दोष आहे. फोनाच्या पडद्यावर संगणकावर विश्वास ठेवण्याविषयी आलेला प्रश्न अनुत्तरित राहिला आहे एवढेच. 'डिव्हाइस' असे आले तर येथवरचा मार्ग मोकळा असून पुढचा शोध ॲपमध्येच घ्यावयाचा. यूएसबी डीबगिंगची सोय २०१२ च्या अँड्रॉइड ४.२ पासून दृष्टीआड ठेवलेली आहे. फोनविषयीच्या माहितीत 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकविल्यावर ती प्रकट होते. नवशिक्याला हे आपोआप सुचणे शक्य नाही, त्यामुळे ते पहिल्याच तासाला सांगणे बरे.

यादी रिकामी असताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि फोन तिन्ही एकदम बदलून काम झाले तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून वाय-फायवरून डीबगिंग करता येते. केबलविना जोडणी झाली आणि केबलसह झाली नाही, तर फोन बहुतांशी संशयमुक्त होतो. केबल, पोर्ट, ड्रायव्हर व 'यूएसबी डीबगिंग'ची परवानगी एवढेच तपासावयाचे राहतात. मात्र महाविद्यालयाच्या वाय-फायवर सुरक्षेसाठी एका यंत्राला दुसरे दिसू न देण्याची व्यवस्था पुष्कळदा केलेली असते. ॲप इन्व्हेंटरचा 'कम्पॅनियन' फोनाशी जुळत नाही ही तक्रार बहुधा याच कारणाने येते. फोनाचा हॉटस्पॉट वापरून पाहिल्यास उलगडा होतो.

आकार एक, अंतरंग निराळे

टाइप-सी जोडणीचे मानक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या स्मार्टफोनांना ही जोडणी बंधनकारक केली असून ॲपलने २०२३ च्या आयफोन १५ पासूनच ती स्वीकारली आहे. त्यामुळे आता सर्व केबल सारख्याच, असा समज दृढ होत आहे. तो चुकीचा आहे. टाइप-सीच्या तोंडात २४ संपर्कबिंदू असतात. प्रत्येक केबलमध्ये तितक्या तारा नसतात.

याहून महत्त्वाची गोष्ट एका लहानशा रोधाची आहे. जुन्या आयताकृती तोंडाकडून टाइप-सीकडे जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोध असावा लागतो. त्यावरून फोनाला कळते की समोर साधा यूएसबी पुरवठा आहे व त्यातून बेताचाच प्रवाह घ्यावयाचा आहे. त्याऐवजी १० किलोओहमचा रोध बसविला तर ३ अँपिअरपर्यंत प्रवाह मिळेल असे फोन समजतो. संगणकाचे यूएसबी २.० पोर्ट मात्र ५०० मिलिअँपिअरसाठी बनविलेले असते. खोटे आश्वासन देणारी केबल अशा रीतीने संगणकाच्या पोर्टवर बेतू शकते.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. गूगलमधील अभियंते बेन्सन लुंग यांनी २०१५ मध्ये ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या टाइप-सी केबल विकत घेऊन एकेक तपासण्यास प्रारंभ केला व कोणती मानकाप्रमाणे आहे, कोणती नाही, हे जाहीरपणे लिहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा लॅपटॉप आणि चाचणीची उपकरणे निकामी केली. तिच्यात पुरवठ्याची व भूमीची तार उलटसुलट जोडलेली होती. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने मानकबाह्य टाइप-सी केबलच्या विक्रीस मनाई केली. लुंग यांच्या पद्धतीत प्रकल्प-मार्गदर्शकाने घेण्यासारखे पुष्कळ आहे. केबल 'चांगली' की 'वाईट' असा अभिप्राय देऊन ते थांबले नाहीत. कोणता रोध आहे, कोणती तार नाही, कशाला जोडले असता काय घडले, हे ते नोंदवीत गेले.

दोष नेहमी केबलचाच असतो असेही नाही. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात टाइप-सीच्या दोन ओळख-बिंदूंना मिळून एकच रोध दिलेला होता. साध्या केबलने तो व्यवस्थित चाले. परंतु ओळख सांगणारी चिप असलेली अधिक महाग केबल लावली, की चार्जर त्यास ध्वनि-उपसाधन समजे व पुरवठाच देत नसे. उत्पादकांनी ही चूक मान्य करून पुढील आवृत्तीत दुरुस्ती केली. एकाच केबलवर चाचणी करून निष्कर्ष काढणे अनुभवी अभियंत्यांनाही कसे नडते, याचा हा उत्तम दाखला होय.

इअरफोन, ओटीजी व ब्लूटूथ

ध्वनिमुद्रणाचे ॲप करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला एक विशेष घोटाळा येतो. चार पट्ट्यांच्या ३.५ मिलिमीटर पिनेत मायक्रोफोन व भूमी यांचा क्रम दोन पद्धतींनी लावला जातो. त्यांस सीटीआयए व ओएमटीपी म्हणतात. एका पद्धतीचा इअरफोन दुसऱ्या पद्धतीच्या फोनाला लावल्यास गाण्यातील गायकाचा आवाज पोकळ होतो किंवा नाहीसाच होतो आणि ध्वनिमुद्रणात शांतता उमटते. इअरफोनवरील बटण दाबून धरताच आवाज सुधारला, तर निदान पक्के समजावे, कारण ते बटण मायक्रोफोनची तार भूमीस जोडते. टाइप-सीच्या इअरफोन-जोडण्यांतही असाच भेद आहे. काहींत ध्वनिरूपांतराची चिप असते, काहींत नसते; चिप नसलेली जोडणी प्रत्येक फोनावर चालत नाही.

या ठिकाणी प्रोग्राम उघडण्यापूर्वी फोनात मुळात असलेले ध्वनिमुद्रणाचे ॲप त्याच इअरफोनसह चालवून पाहावे. तेथेही शांतता असेल तर विद्यार्थ्याच्या प्रोग्रामला दोष देण्याचे कारण नाही. ओटीजीने पेनड्राइव्ह जोडल्यावर फोनाच्या 'फाइल्स'मध्ये तो दिसतो का, हेही असेच आधी पाहावे.

एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल व आर्डुइनो घेऊन केलेले प्रकल्प आपल्याकडे फार लोकप्रिय आहेत. त्यांत उपसाधन आणि प्रोग्राम दोन्ही निर्दोष असूनही काम अडते, ते अँड्रॉइडच्या बदलत्या नियमांमुळे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून संवेदनशील परवानग्या ॲप चालू असताना वापरणाऱ्याकडून मागाव्या लागतात. २०१८ च्या अँड्रॉइड ९ साठी बनविलेल्या ॲपला सुरक्षित नसलेल्या साध्या वेबपत्त्यांशी बोलण्यास मूलतः मज्जाव झाला. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने ब्लूटूथसाठी नव्या परवानग्या आणल्या. त्यामुळे २०१४ च्या पुस्तकातील प्रोग्राम अक्षरशः उतरवून घेतला तरी तो आजच्या फोनावर बंद पडू शकतो. संदर्भग्रंथाचे प्रकाशनवर्ष पाहणे हाही दोषनिदानाचाच भाग मानावा.

मराठी फोनावर बंद पडणारे ॲप

आतापर्यंतचे दोष कोणत्याही देशातील नवशिक्याला भेटणारे आहेत. पुढील दोष मात्र खास आपला आहे, आणि मराठी अध्यापकाखेरीज तो कोणाच्या ध्यानात येण्याची शक्यता कमी आहे.

व्याजगणनेचे एक साधे ॲप घ्या. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत मांडले जाते, चौकटीत दाखविले जाते आणि पुढच्या गणितासाठी तेथूनच परत वाचले जाते. फोनाची भाषा इंग्रजी असताना सर्व सुरळीत चालते. भाषा मराठी केली की ॲप तत्काळ बंद पडते. संख्येला मजकुराचे रूप देणारी जावाची 'फॉरमॅट' ही पद्धत फोनाच्या भाषेनुसार अंक निवडते. भाषाविषयक संकेतांचा युनिकोडचा जो सीएलडीआर नावाचा माहितीसंच आहे, त्यात मराठीसाठी देवनागरी अंक हेच मूलतः ठरलेले आहेत. त्यामुळे चौकटीत '७२.५०' असे देवनागरीत उमटते. उलट मजकुरातून दशांश संख्या वाचणारी 'पार्सडबल' ही पद्धत देवनागरी अंक ओळखत नाही व अपवाद उत्पन्न करते. आणखी संभ्रमाची गोष्ट अशी, की पूर्णांक वाचणारी 'पार्सइंट' ही पद्धत हेच अंक निमूटपणे स्वीकारते. परिणामी वर्षे वाचली जातात, व्याजाचा दर वाचताना ॲप कोसळते. त्याच माहितीसंचात हिंदीसाठी मूळ अंक इंग्रजी असल्याने हिंदी फोनावर चाचणी घेऊनही हा दोष उघडकीस येत नाही.

उपाय सोपा आहे. माणसाला दाखवावयाची संख्या फोनाच्या भाषेत मांडावी. यंत्राने पुन्हा वाचावयाची, साठवावयाची वा सर्व्हरकडे धाडावयाची संख्या 'लोकेल रूट' असे स्पष्ट सांगून मांडावी. त्याहून चांगले म्हणजे पडद्यावरील मजकुरातून संख्या परत वाचूच नये. ती स्वतंत्र ठेवावी.

अक्षरगणनेतही असेच होते. 'क्षत्रिय' या शब्दाची लांबी विचारली असता संगणक ८ असे उत्तर देतो. मराठी वाचकाला तेथे तीनच अक्षरे दिसतात. शब्द उलटा करण्याचा नेहमीचा स्वाध्याय 'मराठी' या शब्दावर केला तर आरंभी निराधार वेलांटी येते. संगणक येथे चुकत नाही. तो व्यंजन, हलन्त व स्वरचिन्ह वेगवेगळे मोजतो. अक्षरांच्या सीमा सांगणारी 'ब्रेकइटरेटर' ही सोय वापरता येते, तथापि जोडाक्षरास एकच एकक मानण्याचा नियम युनिकोडने १५.१ या २०२३ च्या आवृत्तीत आणला. जुन्या व नव्या फोनांवर उत्तर वेगळे येऊ शकते, हे विद्यार्थ्यास आधीच सांगून ठेवावे.

नोंदी आणि मूल्यमापन

ॲप कोसळल्यावर 'लॉगकॅट'मध्ये लाल अक्षरांत बराच मजकूर येतो व तो पाहून विद्यार्थी गांगरतो. तो सगळा वाचण्याची आवश्यकता नसते. 'कॉज्ड बाय' या शब्दांनी आरंभ होणारी शेवटची ओळ आणि तिच्याखाली विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फाइलचे नाव असलेली पहिली ओळ, एवढ्या दोन ओळींत बहुधा काम भागते.

मौखिक परीक्षेत फोनाची भाषा मराठी करून ॲप पुन्हा चालविण्यास सांगावे, याला अर्धा मिनिट लागतो. परीक्षकांनी प्रकल्प-अहवालासोबत दोषांची हस्तलिखित नोंदवहीही मागावी आणि तिला गुण ठेवावेत. तीत दिनांक, दिसलेले लक्षण, बदललेली एक गोष्ट आणि झालेला परिणाम एवढेच असावे. 'केबल बदलली, यादी रिकामीच. पोर्ट बदलले, फोन दिसला, अनऑथराइज्ड. फोनावर होकार दिला, ॲप उतरले, दर भरताच बंद' अशा चार ओळी तयार प्रकल्पासोबत विकत मिळत नाहीत.